स्पेलिंगमध्ये 'र' नाही, तरी तो 'कर्नल' कसा?

सी, ओ, एल, ओ, एन, ई, एल. ज्याला इंग्रजी वाचता येतं पण हा शब्द माहीत नाही अशा कुणालाही ही सात अक्षरं वाचायला द्या, तो 'कोलोनेल' म्हणेल, फार तर 'कॉलोनल' म्हणेल, आणि घाईत असेल तर 'कलोनियल' वाचून मोकळा होईल. उच्चार मात्र आहे 'कर्नल'. आता इंग्रजीत सायलेंट अक्षरं ढिगाने आहेत, नाइफमधला के, सायकॉलॉजीमधला पी, ते आपण शाळेतच पाठ करून टाकलेलं असतं की बाबा लिहायचं पण म्हणायचं नाही. इथे प्रकार उलटा आहे, जे अक्षर लिहिलेलंच नाही ते म्हणायचं! एल दोन आहेत, त्यातला पहिला गायब आणि त्याच्या जागी र हजर. हा र आला कुठून एवढाच प्रश्न आहे, पण त्याच्या उत्तरात इटलीतली युद्धं येतात, फ्रेंचांची जीभ येते, पुस्तकी लोकांचा हट्ट येतो आणि मधेच आपला नांगरही येतो, त्यामुळे जरा निवांत सांगतो.

आधी उच्चार एकदाचा मिटवून टाकू. बर्ड, गर्ल, नर्स या शब्दांत मधे जो स्वर आहे तोच इथे आहे. अमेरिकन माणूस त्यात जीभ वळवून र स्पष्ट म्हणतो. लंडनचा माणूस र म्हणतच नाही, नुसता स्वर लांबवतो, 'कऽनल' असं काहीतरी ऐकू येतं (तो गर्ललाही 'गऽल'च म्हणतो, म्हणजे र लिहिलेला असला तरी त्याला फरक पडत नाही). जोर पहिल्या भागावर, आणि शेवटचं 'नल' जवळजवळ गिळलेलं. आपण मराठीत 'कर्नल' म्हणतो ते अगदी ठीक आहे, त्यात सुधारण्यासारखं काही नाही. मक्याच्या दाण्याला इंग्रजीत के-ई-आर-एन-ई-एल असा जो शब्द आहे त्याचा उच्चार डिट्टो हाच. पण नातं शून्य. तो 'कॉर्न' म्हणजे दाणा, त्याचं छोटं रूप, अस्सल जुना इंग्रजी शब्द. कॉम्प्युटरवाले लिनक्सचा कर्नल म्हणतात तो हा दाणावाला, आतला गाभा या अर्थाने. देवनागरीत दोन्ही सारखेच दिसतात, त्यामुळे 'कर्नल पॅनिक झालाय' हे वाक्य आयटीवाल्या पोराने म्हटलं तर एक अर्थ आणि छावणीत म्हटलं तर भलताच.

मूळ शब्द आहे लॅटिन 'कोलुम्ना', म्हणजे खांब. पेपरातला कॉलम, एक्सेलमधला कॉलम, जुन्या इमारतींपुढची खांबांची रांग म्हणजे कॉलोनेड, सगळे याच घरातले. लॅटिनचं इटालियन झालं तेव्हा कोलुम्नाचं 'कोलोन्ना' झालं, आणि सैन्य रांगेने उभं खांबासारखं चालतं म्हणून त्या रांगेलाही कोलोन्ना म्हणायला लागले. त्याचं छोटं रूप 'कोलोन्नेल्लो'. रेजिमेंटच्या सगळ्यात पुढे जी छोटी तुकडी चालायची तिचा हा शब्द, आणि मग तिचं नेतृत्व करणाऱ्या माणसालाही तोच चिकटला. म्हणजे कर्नल म्हणजे अक्षरशः रांगेच्या तोंडाशी असलेला माणूस.

हे घडलं साधारण १५०० च्या आगेमागे. त्या काळात फ्रान्स आणि स्पेन इटलीच्या जमिनीवर एकमेकांशी भांडत होते, १४९४ ला सुरू झालेली ती युद्धं १५५९ पर्यंत थांबत थांबत चालली, आणि युरोपातलं लष्करी तंत्र त्या काळात एकदम बदललं. पायदळ, तोफा, बंदुका, सगळ्याची नवी मांडणी. साहजिकच नवे शब्दही इटालियन गोटातून निघाले आणि फ्रेंचमधून इंग्रजीत पोचले. इन्फन्ट्री, कॅव्हलरी, बटालियन, स्क्वाड्रन, हे सगळे त्याच लाटेतले. आज इंग्रजांचे वाटतात पण आहेत इटालियन वळणाचे.

आता मुख्य गंमत. 'कोलोन्नेल्लो' या शब्दात ल ची गर्दी बघा. एक ल इकडे, एक तिकडे, मधे न. माणसाच्या जिभेला एकाच शब्दात तोच आवाज लागोपाठ दोनदा काढायचा कंटाळा येतो, आणि त्यातही ल आणि र हे दोघं जिभेच्या दृष्टीने शेजारी, त्यामुळे दोन ल आले की जीभ त्यातला एक हळूच र करून टाकते, दोन र आले की एक ल करते. कुणी ठरवून करत नाही. भाषाशास्त्रात याला विषमीकरण म्हणतात. तर फ्रेंच लोकांनी इटालियन कोलोन्नेल्लो उचलला आणि बोलता बोलता त्याचं केलं 'कोरोनेल'. पहिला ल गेला, र आला. चोर सापडला!

हे वाचून कुणी म्हणेल फ्रेंच लोक आळशी, तर थांबा, आपण काय केलंय ते बघा. संस्कृतमध्ये शेत नांगरायच्या अवजाराला 'लाङ्गल' म्हणतात. दोन ल. त्याचं मराठीत काय झालं? नांगर. पहिल्या ल चा न झाला, दुसऱ्याचा र झाला, एकही ल शिल्लक ठेवला नाही आपण. कपाळाला संस्कृतमध्ये 'ललाट', तिथे तर दोन ल एकमेकांना खेटून उभे. प्राकृतात त्याचं 'णिडाल' झालं आणि मराठीत आलं ते 'निढळ', निढळाचा घाम म्हणतो तो, म्हणजे कपाळावरचा घाम. आणि 'दरिद्री' मधे दोन र आहेत म्हणून बोलीत त्याचं 'दळिद्री' झालं. आजी चिडली की दळिद्री लक्षणं म्हणायची, ती कुठलं भाषाशास्त्र शिकली होती, पण नियम तोच.

इंग्रजीतही हे दुसरीकडे दिसतं आणि रोजच्या शब्दांत दिसतं. लॅटिनमध्ये विशेषण करायला '-आलिस' लावायचे, त्यातून नॅशनल, डेंटल, मॉरल असे शब्द आले. पण मूळ शब्दात आधीच ल असेल आणि शेवटी परत '-आलिस' आला तर दोन ल होतात, म्हणून तिथे '-आरिस' लावायचे. त्यातून सोलर, लूनर, पॉप्युलर. बघा, सगळ्यांत आधी ल आहे आणि शेवटी र. शाळेतलं 'सिंग्युलर' आणि 'प्लुरल' हेही त्यातलंच. सिंग्युलरमध्ये आधी ल होता म्हणून शेवटी र आला. मग प्लुरलमध्ये पण आधी ल आहे की, तिथे का नाही आला? कारण तिथे मधे एक र येऊन बसलाय, शेवटी परत र आणला असता तर दोन र लागोपाठ झाले असते, म्हणून तिथे ल च बरा. दोन हजार वर्षांपूर्वीच्या रोमन लोकांच्या जिभेचा हिशोब आजही पाचवीच्या व्याकरणात बसलाय. मला स्वतःला हा भाग सगळ्यात जास्त आवडतो, कर्नलपेक्षाही.

अजून एक सांगतो आणि पुढे जातो. यात्रेकरूला इंग्रजीत 'पिलग्रिम' म्हणतात, तो लॅटिन 'पेरेग्रिनस' वरून, म्हणजे परदेशी, वाटसरू. दोन र होते, एकाचा ल झाला. ज्या पक्ष्याला आपण बहिरी ससाणा म्हणतो त्याचं इंग्रजी नाव 'पेरेग्रिन', तोच शब्द, पण पुस्तकातून आला म्हणून त्याचे दोन्ही र शाबूत राहिले. एकच शब्द तोंडातून आला की एक होतो आणि पुस्तकातून आला की दुसरा होतो, हे लक्षात ठेवा, कारण कर्नलचं पुढे नेमकं हेच झालं.

तर फ्रेंचमध्ये कोरोनेल झाला. त्यात अजून एक भर पडली, फ्रेंचमध्ये मुकुटाला 'कुरोन' म्हणतात, त्यामुळे लोकांना वाटायला लागलं की कोरोनेल म्हणजे मुकुटाचा म्हणजे राजाचा माणूस असणार. तसं काही नाही, मुकुटाचा आणि याचा संबंध नाही (मुकुट म्हणजे लॅटिनमध्ये 'कोरोना', तो आपल्या चांगलाच ओळखीचा झालाय), पण ऐकायला बरं वाटतं म्हणून र अजून पक्का झाला. स्पॅनिश आणि पोर्तुगीजमध्ये तर आजही लिहितात पण कोरोनेल आणि म्हणतात पण कोरोनेल, त्यांचं भांडणच मिटलेलं.

इंग्रजांनी १५४० च्या दशकात हा शब्द फ्रेंचांकडून घेतला तो र सकटच. लिहायचे र, म्हणायचे र. काही अडचण नव्हती. अडचण केली शिकलेल्या लोकांनी. सोळाव्या शतकाच्या शेवटाला इटालियन युद्धशास्त्राच्या पुस्तकांची इंग्रजीत भाषांतरं व्हायला लागली आणि भाषांतर करणाऱ्यांना दिसलं की मूळ इटालियन शब्दात तर ल आहे. मग 'शुद्ध' काय? ल! तिकडे फ्रेंच लोकही आपला र टाकून परत ल वर आले होते. मग इंग्रजी छापील पुस्तकांत ल वालं स्पेलिंग सुरू झालं. साठ-सत्तर वर्षं दोन्ही स्पेलिंगं शेजारी शेजारी नांदली, आणि सतराव्या शतकाच्या मध्यापर्यंत ल वालं जिंकलं.

पण जिंकलं कागदावर. फ्रेंचांनी स्पेलिंग बदललं तसा उच्चारही बदलला, ते आज 'कोलोनेल' लिहितात आणि तसंच म्हणतात. इंग्रजांनी स्पेलिंग बदललं आणि तोंड तसंच ठेवलं. शाळेच्या दाखल्यावर चंद्रकांत आणि गल्लीत बाळू, असं कित्येकांचं असतं ना, आणि बाळू म्हणून हाक मारणाऱ्याला दाखला दाखवून उपयोग नसतो, तसं.

बरं हे लगेच झालं असंही नाही, दीड-दोनशे वर्षं गोंधळ होता. इंग्रज कवी मिल्टनने १६४२ मध्ये एक सुनीत लिहिलं, राजाचं सैन्य लंडनवर चालून येणार अशी हवा होती तेव्हाचं, त्याची पहिलीच ओळ 'कॅप्टन ऑर कर्नल ऑर नाइट इन आर्म्स' अशी आहे. आता या वृत्तात ओळीला दहा अवयव (म्हणजे उच्चाराचे तुकडे, सिलॅबल) लागतात. कर्नल दोन अवयवांचा धरला तर नऊच भरतात, ओळ लंगडी पडते. तीन अवयवांचा, म्हणजे को-लो-नेल किंवा को-रो-नेल असा धरला की बरोबर दहा. म्हणजे मिल्टनच्या कानात तो तीन तुकड्यांचा शब्द होता. कवितेची मात्रा मोजून जुना उच्चार शोधायचा ही पद्धत आपल्याकडे ओव्या-अभंगांवर काम करणाऱ्यांनाही माहितीची आहे.

पुढे सॅम्युअल जॉन्सनचा गाजलेला शब्दकोश आला १७५५ मध्ये. त्यात तो म्हणतो की हल्ली हा शब्द साधारणपणे दोनच अवयवांत म्हणतात. मधला स्वर पडला होता. हेही काही विशेष नाही, 'माणूस' ला प्रत्यय लावला की आपण 'माणूसाला' म्हणतो का? माणसाला म्हणतो, आणि बोलताना तर माण्साला. मधला स्वर हा नेहमीच बळीचा बकरा. पण जॉन्सनच्या दोन अवयवांत अजून ल च आहे, 'कॉल्नेल' असं. मग १७९१ मध्ये जॉन वॉकर नावाच्या माणसाने फक्त उच्चारांसाठी म्हणून कोश काढला, त्यात मात्र सरळ 'कर्नेल' दिलाय, आणि वर शेरा मारलाय की ही असली ढोबळ अनियमितता आहे की आता ती सुधारण्यापलीकडे गेलीय, सोडून द्या. म्हणजे सव्वादोनशे वर्षांपूर्वीच तज्ज्ञाने हात टेकलेत, आपण कशाला डोकं फोडायचं.

शब्द मुळाशी नेऊन शुद्ध करायचा हा हट्ट फक्त इथेच नव्हता. कर्जाला इंग्रजीत 'डेट' म्हणतात त्यात तो जो मुका बी आहे तो असाच. फ्रेंचमधून शब्द आला तेव्हा बी नव्हता, कुणीतरी म्हणालं लॅटिनमध्ये 'डेबिटुम' आहे, घाला बी. घातला. म्हणणार कोण? कोणीच नाही. 'आयलंड' मधला एस त्याहून वाईट, कारण तो शब्द लॅटिनवरून आलेलाच नाही, जुना इंग्रजी शब्द आहे, पण लॅटिन 'इन्सुला' शी नातं असेल असं समजून एस कोंबला. इंग्रजी स्पेलिंग आपल्याला छळतं त्यातलं बरंचसं पाप असं, स्वतःला फार कळतं असं वाटणाऱ्या लोकांचं.

आपल्याकडे मात्र हा शब्द कागदावरून आला नाही, कानावरून आला. कंपनीच्या पलटणी इथे आल्या, साहेबाला साहेब काय हाक मारतो ते लोकांनी ऐकलं आणि तसं म्हणायला सुरुवात केली. स्पेलिंग कुणी पाहिलंय! कानाने शब्द घ्यायची ही रीत मराठीला जुनीच. पहिल्या इंग्रज-मराठा युद्धात, जानेवारी १७७९ मध्ये, कर्नल एगर्टनच्या हाताखाली कंपनीची फौज मुंबईहून पुण्याकडे निघाली होती, त्यातला कॅप्टन स्टुअर्ट कार्ल्याजवळ मारला गेला. शूर होता, मराठ्यांनाही त्याचं कौतुक, म्हणून त्याचं नाव पडलं 'इष्टुर फाकडा'. वडगाव मावळात त्याची समाधी आहे. स्टुअर्टचा इष्टुर करणाऱ्या कानाला कोलोनेल आणि कर्नलचा प्रश्न पडणारच नाही.

आणि म्हणूनच लेफ्टनंट. हा दुसरा त्रास देणारा शब्द, स्पेलिंगमध्ये एफ कुठेच नाही, अमेरिकन लोक सरळ 'लूटेनंट' म्हणतात, ब्रिटिश म्हणतात 'लेफ्टेनंट', जुन्या इंग्रजी लिखाणात एफ घालून लिहिलेली रूपंही सापडतात. आपण ब्रिटिशांकडून ऐकलं म्हणून आपला लेफ्टनंट. तसंच ऑफिसातला क्लार्क. स्पेलिंग ई आर आहे, अमेरिकन 'क्लर्क' म्हणतात, हिंदीतही क्लर्क लिहितात, मराठीत मात्र अजून क्लार्क, अगदी लंडनी. सार्जंटही तसाच. मराठी माणसाचं इंग्रजी म्हणून हसणारे हसतात, पण या शब्दांत आपण बरोबर कानाबरहुकूम आहोत.

पंजाबात तर अजून भारी झालं. तिथे कर्नलचा 'करनैल' झाला, जनरलचा 'जरनैल', आणि लोकांनी पोरांची नावंच ठेवली, करनैल सिंग, जरनैल सिंग. पोरगा मोठा होऊन साहेब व्हावा ही इच्छा, सरळ बारशातच. यातलं एक नाव आपल्या जवळचं आहे. १५ ऑगस्ट १९५५ ला गोवामुक्तीसाठी देशभरातून सत्याग्रही गोव्याच्या हद्दीत शिरले, त्यात पंजाबातल्या इसरू गावचे करनैल सिंग होते, तरुण शिक्षक, पोर्तुगीज सैनिकांच्या गोळीला ते पत्रादेवीच्या बाजूला बळी पडले. आज पत्रादेवीला हुतात्मा स्मारक आहे, मुंबई-गोवा रस्त्याने जाताना लागतं.

आता हुद्द्याबद्दल, कारण शब्द कळला तरी कर्नल नेमका किती मोठा हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. भारतीय सेनेत लेफ्टनंट, कॅप्टन, मेजर, लेफ्टनंट कर्नल, कर्नल, ब्रिगेडियर आणि मग सगळे जनरल अशी चढण आहे. खांद्यावर अशोकस्तंभ आणि दोन स्टार म्हणजे कर्नल, अशोकस्तंभ आणि एकच स्टार म्हणजे लेफ्टनंट कर्नल. पायदळाच्या बटालियनचा कमांडिंग ऑफिसर साधारणपणे कर्नल असतो, म्हणजे आठेकशे माणसांचा प्रमुख, आणि तो ऑफिसात बसून सह्या करणारा प्रमुख नाही. साताऱ्याजवळच्या पोगरवाडीचे कर्नल संतोष महाडिक ४१ राष्ट्रीय रायफल्सचे कमांडिंग ऑफिसर होते आणि नोव्हेंबर २०१५ मध्ये कुपवाड्याच्या जंगलात दहशतवाद्यांविरुद्धच्या मोहिमेत पुढे असताना शहीद झाले. रांगेच्या तोंडाशी असलेला माणूस हा जो मूळ अर्थ सांगितला तो असा अजून जिवंत आहे.

लेफ्टनंट कर्नल म्हणजे काय हेही यात आलं. लेफ्टनंट हा फ्रेंच शब्द, 'ल्यू' म्हणजे जागा आणि 'तनां' म्हणजे धरणारा, दुसऱ्याची जागा धरून बसलेला. मराठेशाहीत मुतालिक असायचा ना, प्रधानाच्या वतीने शिक्का चालवणारा, तोच प्रकार. मग कर्नलला मुतालिक कशाला लागायचा? कारण सतराव्या-अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये कर्नल हा जवळजवळ रेजिमेंटचा मालकच असायचा. राजाकडून पैसे घ्यायचे, माणसं भरती करायची, त्यांचे कपडे शिवायचे आणि त्यात चार पैसे सुटतात का बघायचं. स्वतः बऱ्याचदा लंडनमध्ये दरबारात, आणि मैदानावर त्याच्या जागी लेफ्टनंट कर्नल. रेजिमेंटला नावही कर्नलचंच, आपल्याकडे सरदाराच्या नावाने पथक ओळखायचे तसं. कर्नल बदलला की नाव बदललं. यात एकदा अशी पंचाईत झाली की दोन रेजिमेंटचे कर्नल दोघंही हॉवर्ड आडनावाचे निघाले, मग गणवेशाच्या कॉलर-बाह्यांच्या रंगावरून एक 'ग्रीन हॉवर्ड्स' आणि दुसरे फिक्या पिवळट रंगाचे म्हणून 'बफ हॉवर्ड्स'. शेवटी १७५१ मध्ये राजाच्या हुकुमाने रेजिमेंटना रीतसर नंबर मिळाले आणि हा मालकी कारभार ओसरायला लागला.

त्याची एक खूण आपल्या सेनेत अजून आहे, 'कर्नल ऑफ द रेजिमेंट'. हा हुद्दा नाही, मान आहे, आणि तो चांगला लेफ्टनंट जनरल वगैरे असलेल्या माणसाकडे असतो, म्हणजे हुद्द्याने कर्नलच्या कितीतरी वर असलेला माणूस आपल्या रेजिमेंटचा 'कर्नल' असतो. फील्ड मार्शल माणेकशा ८ गोरखा रायफल्सचे असे कर्नल होते. बाहेरच्या माणसाचं डोकं इथे हमखास फिरतं. अजून फिरवायचं असेल तर नौदलाचा कॅप्टन घ्या, तो सेनेतल्या कर्नलच्या बरोबरीचा, आणि सेनेतला कॅप्टन कर्नलच्या तीन पायऱ्या खाली. हवाई दलात कर्नलच्या बरोबरीला ग्रुप कॅप्टन. २०१० मध्ये सचिन तेंडुलकरला हवाई दलाने मानद ग्रुप कॅप्टन केलं, २०११ मध्ये धोनी टेरिटोरियल आर्मीत मानद लेफ्टनंट कर्नल झाला, म्हणजे हिशोबाने सचिन एक पायरी वर, टीमचा कॅप्टन कोण हा मुद्दा वेगळा. आणि हाक मारताना लेफ्टनंट कर्नललाही नुसतं 'कर्नल' म्हणायची पद्धत आहे, त्यात चूक काही नाही.

क्रिकेटचा विषय निघालाच आहे तर कर्नल सी. के. नायडूंना वगळून चालणार नाही. १८९५ मध्ये नागपुरात जन्म, १९३२ मध्ये लॉर्ड्सवर भारताच्या पहिल्यावहिल्या कसोटीचे कप्तान. त्यांच्या नावामागचं कर्नल आलं ते इंदूरच्या होळकरांमुळे, महाराजांनी त्यांना आपल्या संस्थानाच्या सैन्यात हुद्दा दिला होता. आजही बीसीसीआयची कर्नल सी. के. नायडू ट्रॉफी खेळली जाते. आणि आपल्या दिलीप वेंगसरकरांना लोक कर्नल म्हणतात तेही नायडूंमुळेच, तरुणपणीच्या त्यांच्या फटकेबाजीची तुलना नायडूंशी झाली आणि नाव चिकटलं. वेंगसरकरांचा सैन्याशी काही संबंध नाही.

तसाच संबंध नसलेला जगातला सगळ्यात प्रसिद्ध कर्नल म्हणजे केएफसीच्या डब्यावरचा पांढऱ्या दाढीचा म्हातारा, कर्नल सँडर्स. अमेरिकेतल्या केंटकी राज्यात गव्हर्नर ज्याला वाटेल त्याला 'केंटकी कर्नल' ही पदवी देतो, सन्मान म्हणून, एकोणिसाव्या शतकापासूनची प्रथा आहे. सँडर्स रस्त्याकडेला पेट्रोल पंपावर येणाऱ्या-जाणाऱ्यांना खाऊ घालायचे, त्यांच्या हातची चव पसरली आणि १९३५ मध्ये गव्हर्नरने त्यांना कर्नल करून टाकलं. पोरवयात ते थोडे दिवस खरोखरच अमेरिकन सैन्यात होते, क्युबाला पाठवलं होतं, पण तिथे काही त्यांना कर्नल कुणी केलं नाही, ते काम शेवटी कोंबडीनेच केलं.